एकक सांगा

हेमांगी कुंभोजकरने त्या गुरुवारी सही केली असती, तर तिला कुणीही काही म्हटलं नसतं.

'अंगण'ची प्रत्येक नवी आवृत्ती गेली चौदा वर्षं तिच्याच सहीने बाहेर पडत होती. सही म्हणजे कागदावरची नव्हे. ती एक लांबलचक सांकेतिक किल्ली होती आणि ती फक्त हेमांगीकडे होती. 'अंगण' हे महाराष्ट्रात घडवलेलं लिनक्सचं वितरण, म्हणजे संगणक चालवणाऱ्या प्रणालीचा तयार संच. राज्यातल्या सरकारी दवाखान्यांतले संगणक, रक्त तपासणारी यंत्रं, घरोघरच्या मधुमेही माणसांच्या पोटाला लावलेले इन्सुलिनचे पंप, सगळं त्याच्यावर चालायचं. ते घडवणारी सहकारी संस्था कोल्हापूरच्या उद्यमनगरात, एका लेथ वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर होती. खाली दिवसभर लोखंड कातलं जायचं आणि वर पॅकेजेस बांधली जायची.

हे बांधणं म्हणजे काय, ते तिच्या घरच्यांनाही कधी नीट सांगता आलं नव्हतं. पायथन या संगणकभाषेत लिहिलेला प्रोग्राम कधीच एकटा नसतो. दवाखान्यातला रिपोर्ट छापणारा साधा प्रोग्राम घेतला, तरी त्याला तारखा समजणारं मॉड्यूल लागतं, आलेख काढणारं लागतं, आणि त्या प्रत्येकाला आणखी चार लागतात. संस्थेत याला सगळे डिपेंडन्सी म्हणायचे. पॅकेज बांधणाऱ्याने ही साखळी तपासायची आणि एका छोट्या फाइलमध्ये खरी यादी लिहायची: याला काय लागतं, कुठल्या आवृत्तीपासून लागतं, कुठल्या आवृत्तीनंतर चालत नाही. मूळ लेखकांच्या याद्यांवर भरवसा ठेवता येत नाही. कुणी न लागणारी नावं तशीच ठेवून देतो, कुणी लागणारं नाव लिहायला विसरतो. आणि पायथनची खोड अशी, की ही उणीव बसवताना कळत नाही, चालवताना कळते. तोपर्यंत यंत्र रुग्णाजवळ पोचलेलं असतं. शिवाय वितरणाचा नियम कडक होता, एका संगणकावर एका मॉड्यूलची एकच प्रत. एकाला तिसरी आवृत्ती हवी आणि दुसऱ्याला तिसरी चालतच नाही, अशी भांडणं रोजची. ती मिटवायला कधी याच्या कोडमधल्या दोन ओळी बदलायच्या, कधी त्याच्या लेखकाला पत्र लिहून विनवायचं.

एकेचाळीस हजार पॅकेजेस होती आणि हे काम करणारी सतरा माणसं. तीन वर्षांपूर्वी, म्हणजे २०४० साली, निरंजन वझेने 'गुंफण' तयार केलं आणि सतरांची चार झाली.

निरंजन हा हेमांगीचा संस्थेतला सगळ्यांत जुना सोबती. दोघं एकाच महिन्यात रुजू झाले होते, डबाही एकत्रच खायचे. त्याचं गुंफण खरोखरच विलक्षण होतं. आवृत्त्यांचा मेळ घालणारे प्रोग्राम पूर्वीही होते, पण ते असलेल्यांतून फक्त निवड करायचे. गुंफण त्यापुढे गेलं. एखादं मॉड्यूल जुनं झालं, त्याचा लेखक दिसेनासा झाला, की गुंफण ते मॉड्यूल वापरणाऱ्या सगळ्या प्रोग्रामांकडे बघायचं. हजार ठिकाणी त्याला काय विचारलं जातं, काय उत्तर येतं, त्या उत्तराचं पुढे काय केलं जातं, हे सगळं टिपायचं. त्यावरून मॉड्यूलने कसं वागायला हवं याचा अंदाज बांधायचं आणि तसं वागणारं नवं मॉड्यूल स्वतः लिहायचं. मग जुनं काढून टाकून सगळ्या साखळ्या नव्याभोवती पुन्हा विणायचं. एकेचाळीस हजारांची एकोणतीस हजार पॅकेजेस झाली होती आणि तक्रारी निम्म्यावर आल्या होत्या. शेवटची सही मात्र माणसाचीच हवी, असा आरोग्य खात्याचा आग्रह होता. जबाबदार कोण, असं उद्या कुणी विचारलं तर दाखवायला एक नाव हवं. ते नाव हेमांगीचं होतं.

त्या आठवड्यात घाई होती. सगळ्या यंत्रांमध्ये असलेल्या नेटवर्कच्या एका मॉड्यूलमध्ये भोक सापडलं होतं. त्यातून कुणीही बाहेर बसून पंप बंद करू शकत होता, आणि परदेशात दोन ठिकाणी तसं झालंही होतं. भोक बुजवलेली चौदावी आवृत्ती सोमवारी सकाळी बाहेर पडायला हवी होती. गुंफणने ती गुरुवारी दुपारीच तयार करून ठेवली. सोबत अहवाल होता: तीनशे बारा जुनी मॉड्यूल्स बदलली, सगळ्या चाचण्या पास.

हेमांगीने यादी वाचायला घेतली. वाचलीच पाहिजे असं नव्हतं, पण तिला वाचल्याशिवाय सही करवत नसे. दोनशे चाळिसाव्या ओळीवर तिला 'मापटं' दिसलं.

हे मॉड्यूल तिला आठवत होतं. तिने बांधलेल्या पहिल्या पाच-सहा पॅकेजेसमधलं ते एक. दोनशे तीस ओळींचं, काम एवढंच की वैद्यकीय तपासणीतले आकडे एका एककातून दुसऱ्यात बदलायचे. रक्तातली साखर आपल्याकडे डेसिलिटरला मिलिग्रॅममध्ये मोजतात, बऱ्याच देशांत लिटरला मिलिमोलमध्ये. दोन्हींत अठरा पटींचा फरक. मापटं त्यांची अदलाबदल करायचं. त्याचे लेखक होते मिरजेचे इस्माईल मुजावर, एका दवाखान्यातले लॅब टेक्निशियन. आकड्यासोबत एकक आलं नाही तर मापटं चूक दाखवून थांबायचं. तेव्हा तिने मुजावरांना फोन करून विचारलं होतं की, थांबण्याऐवजी मिलिग्रॅम धरलं तर चालणार नाही का. ते 'नाही' म्हणाले होते आणि त्यांनी फोन ठेवला होता. माणूस तुसडा आहे असं तिला वाटलं होतं.

गुंफणने लिहिलेलं नवं मापटं नव्वद ओळींचं होतं आणि फार देखणं होतं. फक्त एका ओळीत लिहिलं होतं: एकक नसेल तर मिलिग्रॅम धर. कारणही दिलेलं होतं. मापटं वापरणारी एक हजार एकशे त्र्याऐंशी पॅकेजेस होती. त्यातल्या एक हजार एकशे एकाहत्तरांमध्ये ती चूक गिळून, म्हणजे तिच्याकडे दुर्लक्ष करून, पुढे मिलिग्रॅमच धरलेलं होतं. म्हणजे वापरणाऱ्यांना तेच हवं आहे, असा गुंफणचा निष्कर्ष होता. मूळ लेखक अप्राप्य, अकरा ईमेलना उत्तर नाही, नऊ वर्षांत बदल नाही.

हेमांगीने उरलेल्या बारा पॅकेजेसची नावं काढली. अकराशे एकाहत्तरांच्या घोळक्यात रिपोर्ट छापणारे, आलेख काढणारे, हिशेब जुळवणारे प्रोग्राम होते. या बारांत मात्र पोटावरच्या पंपाचा प्रोग्राम होता. मीटरचा आकडा बघून तो पंप एका नळीतून साखर उतरवणारं इन्सुलिन सोडायचा, दुसरीतून साखर चढवणारं औषध. पंप लिहिणाऱ्यांनी चूक गिळलेली नव्हती. एकक आलं नाही, की त्यांचा पंप लाल दिवा लावून गप्प थांबायचा.

तिने निरंजनला बोलावून ती ओळ दाखवली. त्याने शांतपणे वाचलं. आपल्याकडे साखर मोजायच्या सगळ्या पट्ट्या, सगळी मीटरं मिलिग्रॅमचीच आहेत, तो म्हणाला. एकक न सांगणारं मीटर लाखात एखादं, आणि त्यातही मिलिमोलचं आणखी विरळ. उलट पंप विनाकारण थांबला तर तेही वाईटच. सोमवारी हे जाऊ दे, पुढच्या आवृत्तीत बघू.

ती म्हणाली, हे एकच पॅकेज जुनं ठेवू. पण तसं होण्यासारखं नव्हतं. गुंफणने ती अकराशे त्र्याऐंशी पॅकेजेस नव्या मापट्याभोवती विणली होती, आणि त्यांना धरून आणखी कितीतरी. एक धागा परत घ्यायचा तर सगळं पुन्हा विणायला हवं, आणि त्याला दोन दिवस लागणार.

"तुला नक्की काय चुकीचं वाटतंय?" निरंजनने विचारलं.

 मापट्याचं ते थांबणं मुद्दाम ठेवलं होतं की आळसाने राहून गेलं होतं, हेच तिला माहीत नव्हतं. ती म्हणाली, उद्या मिरजेला जाऊन येते, मग सांगते.

शुक्रवारी सकाळच्या बसने ती निघाली. दर्ग्यामागच्या गल्लीत मुजावरांचं घर शोधायला फार वेळ लागला नाही. दार त्यांच्या पत्नीने, जुबेदाबींनी उघडलं. कोल्हापूरहून मापट्याबद्दल विचारायला कुणी आलंय हे ऐकून त्या क्षणभर बघतच राहिल्या. मग त्यांनी आत हाक मारली.

मुजावर शहात्तर वर्षांचे होते. खिडकीशी खुर्चीत ताठ बसले होते आणि त्यांची नजर हेमांगीच्या खांद्यापलीकडे लागलेली होती. काचबिंदूने नऊ वर्षांपूर्वी दृष्टी गेली, असं जुबेदाबींनी सांगितलं. वाचून दाखवणारी यंत्रं आहेत, मुलाने आणूनही दिली, पण यांनी संगणक एकदा मिटला तो मिटलाच. अकरा ईमेलना उत्तर का आलं नाही ते हेमांगीला कळलं.

चहा झाल्यावर तिने सगळं सांगितलं. तुमचं मॉड्यूल काढून एका यंत्राने नवं लिहिलंय, हे म्हाताऱ्या माणसाला कसं सांगावं याची तिने बसमध्ये बरीच तयारी केली होती. पण मुजावरांना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. ते म्हणाले, वाचून दाखवा.

तिने नव्वद ओळी एकेक करून वाचल्या. कंस, बरोबरच्या खुणा, मोकळ्या जागा, सगळं सांगत. मुजावर मान हलवत ऐकत होते. मध्ये दोनदा त्यांनी ओळ पुन्हा वाचायला लावली आणि 'छान आहे' म्हणाले. आपल्याला हे अठरा ओळींत जमलं होतं, यानं चारांत केलं. मग ती त्या ओळीवर आली. एकक नसेल तर मिलिग्रॅम धर.

मुजावरांची मान थांबली.

"हे मी केलं होतं, ताई," ते म्हणाले. "फोनवर."

ही गोष्ट २०११ सालची. तेव्हा ते तालुक्याच्या एका दवाखान्यात लॅबमध्ये होते. एका दुपारी वाडीवरच्या उपकेंद्रातून नर्सचा फोन आला. एक बाई आणली आहे, शुद्ध हरपत चालली आहे, डॉक्टर बाहेर गेले आहेत. बाईचा मुलगा आखातात होता. त्याने पाठवलेल्या मीटरवर घरच्यांनी साखर मोजली होती, बावीस. मुजावरांनी ऐकलं, बावीस. इतकी खाली गेलेली साखर म्हणजे काही मिनिटांचा खेळ. त्यांनी नर्सला सांगितलं, ताबडतोब शिरेतून साखर द्या. ते मीटर मिलिमोलचं होतं. बाईची साखर चारशेच्या घरात होती.

"दोन दिवसांनी गेली. डॉक्टर म्हणाले, आधीच उशीर झाला होता, तुमचा दोष नाही. नर्सलाही कुणी बोललं नाही. पण मी एवढंच विचारायला हवं होतं, बावीस काय? दोन शब्द. ते मी विचारले नाहीत, कारण मला माहीत होतं. आपल्याकडे सगळे मिलिग्रॅमच वापरतात."

जुबेदाबी दारात उभ्या होत्या. ही गोष्ट त्यांनी तोवर ऐकलेली नव्हती, हे त्यांच्या चेहऱ्यावरून हेमांगीला कळलं.  त्या येऊन नवऱ्याच्या खुर्चीशेजारी बसल्या.

चव्वेचाळिसाव्या वर्षी मुजावर एका क्लासला जाऊन पायथन शिकले होते. पोरं हसायची. दोन वर्षांनी त्यांनी मापटं लिहिलं, आणि ते जगात कोण कोण वापरतं हे त्यांना कधी कळलं नाही.

हेमांगी म्हणाली, मग जुनंच ठेवते. पण मुजावर लगेच हो म्हणाले नाहीत. त्यांनी विचारलं, पंप थांबतो तेव्हा तिथं माणूस असतो का? तिने सांगितलं, दवाखान्यात असतो, घरी नसतो. म्हातारी माणसं एकेकटी असतात. लाल दिवा लागलेला कुणाच्या लक्षातही येत नाही.

"मग माझंही चुकलंच की," ते म्हणाले. "मी नुसता थांबलो. विचारलं कुठं?"

दुपारभर ते दोघं बसले. मुजावर तोंडी सांगत होते, हेमांगी टंकत होती आणि परत वाचून दाखवत होती. एकक नसेल तर मापटं आता वेगळ्या नावाची चूक दाखवणार होतं, सवयीने कुणी गिळू शकणार नाही अशी. आणि सोबत एक प्रश्न देणार होतं. पडदा असेल तर पडद्यावर, आवाज असेल तर आवाजात: एकक सांगा. तोवर पंपाने आधीचा अगदी लहान डोस चालू ठेवायचा, वाढवायचा नाही, बंदही करायचा नाही. हे पंपात कसं बसवायचं, ते तिने पंपाचा प्रोग्राम लिहिणाऱ्या पुण्याच्या दोघांशी फोनवर बोलून ठरवलं.

शेवटी आवृत्तीला क्रमांक द्यायचा होता. मुजावरांच्या मनात दोन होतं, नऊ वर्षांनी काढतोय तर पूर्ण आकडा असू दे. हेमांगीने सांगितलं की चारशे पॅकेजेसच्या याद्यांमध्ये 'मापटं, दोनच्या खालचं' असं लिहिलेलं आहे. दोन म्हटलं की ती चारशे अडून बसतील.

"मग एक पूर्णांक नऊ दशांश काय ते तुम्हीच ठरवा," मुजावर हसले. त्या दिवशी ते पहिल्यांदाच हसले. आवृत्तीला १.९.१ हा क्रमांक मिळाला.

संध्याकाळी ती थेट संस्थेत आली. निरंजन वाट बघत थांबला होता. तिने मिरजेत जे ऐकलं ते सगळं त्याला सांगितलं, आणि सही करणार नाही म्हणून सांगितलं. बारा पॅकेजेस ती शनिवारी स्वतःच्या हाताने दुरुस्त करणार, मग गुंफणने सगळं पुन्हा विणायचं. मंगळवारी सकाळी आवृत्ती बाहेर पडेल. एक दिवस उशीर.

निरंजन जिन्याच्या कठड्याला टेकून उभा राहिला. खालचं वर्कशॉप बंद होत होतं. त्याचे वडील विष्णुपंत गडहिंग्लजला एकटे राहायचे, ते एक्याऐंशी वर्षांचे होते आणि त्यांच्या पोटाला पंप होता. हेमांगीला ते माहीत होतं. ती दर दिवाळीला त्यांना भेटायची.

"तुझ्या मिलिमोलच्या पट्ट्या कधी येतील, येतील की नाही, तुला ठाऊक नाही," तो म्हणाला. "ते भोक मात्र आज आहे."

"खरंय."

"सोमवारी कुणी पंप बंद पाडले तर?"

"तर ते माझ्या नावावर."

"नावाचं काय करायचंय, हेमांगी? बाबा तिकडं एकटे आहेत."

 निरंजनने तिथूनच वडिलांना फोन लावला आणि पट्ट्यांच्या डबीवर काय लिहिलंय ते वाचायला सांगितलं. विष्णुपंतांनी चष्मा शोधून वाचलं, मिलिग्रॅम. निरंजनने तिच्याकडे बघितलं. मग वडिलांना म्हणाला, बाबा, मी आज तिकडे येतोय, मंगळवारपर्यंत राहीन. जाण्यापूर्वी गुंफण पुन्हा सुरू करायची सगळी तयारी त्याने करून दिली. तिच्याशी मात्र बोलला नाही.

सोमवारी दुपारी दोन वाजता हल्ला झाला. एका ग्रामीण रुग्णालयातले चौदा पंप चाळीस मिनिटं बंद पडले. तिथल्या नर्सेस हुशार होत्या, त्यांनी हाताने इंजेक्शनं दिली. तेरा जणांना काहीही झालं नाही. चौदावे अंबादास खिलारे, सत्तर वर्षांचे. त्यांना जिल्ह्याच्या दवाखान्यात हलवावं लागलं आणि सहा दिवस तिथे ठेवावं लागलं.

मंगळवारी सकाळी हेमांगीने सही केली. बुधवारी ती अंबादास खिलाऱ्यांना भेटायला गेली. आपण कोण ते तिने सांगितलं, आणि उशीर आपल्यामुळे झाला हेही सांगितलं. खिलाऱ्यांना यातलं फारसं कळलं नाही. त्यांच्या बायकोला कळलं. ती म्हणाली, उशीर का केला? हेमांगीने सांगायचा प्रयत्न केला. दुसऱ्या कुणाला तरी पुढे कधीतरी इजा होऊ नये म्हणून. ऐकून त्या बाईने नवऱ्याचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, त्या दुसऱ्याचं नाव काय?  हेमांगीने आणलेली मोसंबी खाटेखाली ठेवली आणि ती परत आली.

खात्याने चौकशी समिती नेमली. समितीची माणसं सभ्य होती. सही केली असती तर नेमकं काय नुकसान झालं असतं, त्याचा पुरावा त्यांनी मागितला. न घडलेल्या गोष्टीचा पुरावा तिच्याकडे नव्हता. मुजावरांची गोष्ट बत्तीस वर्षांपूर्वीची, तीही कुठे नोंद नसलेली. समितीने तिला दोषी ठरवलं नाही. पण पुढच्या आवृत्त्यांची सही निरंजन वझे यांनी करावी, असं लिहिलं. हेमांगीने किल्ली त्याच्या हवाली केली, तेव्हा त्याने ती खाली मान घालून घेतली. त्यानंतर तो डबा आपल्याच टेबलावर खाऊ लागला. भांडण नव्हतं. कामाचं बोलणं होत होतं. बाकी काही बोलायचं राहिलं नव्हतं.

हेमांगीकडे आता थोडीच पॅकेजेस उरली होती. त्यात मापटं होतं. मुजावरांनी ते रीतसर तिच्या नावावर केलं होतं. त्या वर्षी मापट्याबद्दल दोनशेच्या वर तक्रारी आल्या. पंप मधेच विचारतो, रिपोर्टचं यंत्र अडतं, एकदाच सांगितलं तर पुरत नाही का. त्या सगळ्यांना ती स्वतः उत्तर लिहायची. बहुतेक वेळी एकक मिलिग्रॅमच निघायचं. दोनशे वेळा ती विनाकारण लोकांना त्रास देत होती, हे तिला आकड्यांत दिसत होतं.

आठ महिन्यांनी सातपुड्यातल्या एका उपकेंद्रातून तक्रार आली. नर्स रमिला पाडवी, तक्रारीचा विषय 'मशीनचा आवाज'. बाकी काही लिहिलेलं नव्हतं, म्हणून हेमांगीने फोन लावला.

रमिलाबाई कामात होत्या. त्या भराभर बोलल्या. महिन्यापूर्वी तिकडे नदीला पूर येऊन रस्ता तुटला होता. नेहमीचं सामान येईना, तेव्हा मदतीच्या खोक्यांतून आलेल्या पट्ट्या आणि मीटर वापरत होते. परवा एक बाळंतीण आणली, चक्कर येत होती. पंप लावला, मीटर जोडलं, तर मशीन मोठ्यानं ओरडायला लागलं, एकक सांगा, एकक सांगा. बाळ दचकून रडायला लागलं.

"मग तुम्ही काय केलंत?" हेमांगीने विचारलं.

"काय करणार? बाहेर जाऊन खोकं शोधलं. त्याच्यावर भलतंच लिहिलेलं. मिलिमोल. ते भरलं तेव्हा कुठं चालू झालं."

"आकडा किती होता, आठवतंय?"

"एकवीस."

हेमांगीने तो आकडा समोरच्या कागदावर लिहिला. मग तिने विचारलं, बाळंतीण कशी आहे.

"बरी आहे, काल घरी गेली. मला एवढंच सांगा, हे मशीन दरवेळी असं विचारणार का?"

"हो. एकक कळलं नाही की दरवेळी."

"मग निदान आवाज तरी कमी करा, ताई. बारकी पोरं असतात इथं."

करते, असं हेमांगीने सांगितलं. झाल्या त्रासाबद्दल माफी मागितली आणि फोन ठेवला. तिने मिरजेला फोन केला. मुजावरांनी सगळं ऐकून घेतलं, बाळ-बाळंतिणीची दोनदा चौकशी केली आणि फोन जुबेदाबींच्या हातात दिला.  जुबेदाबी म्हणाल्या, सांगा मला, मी ऐकते.

दुपारपर्यंत तिने मापट्यात एक छोटा बदल केला, चाचण्या चालवल्या आणि पॅकेज सहीसाठी पुढे पाठवलं. थोड्या वेळाने निरंजन स्वतः उठून तिच्या टेबलाशी आला. एवढ्याशा बदलासाठी नवी आवृत्ती कशाला, हे त्याला विचारायचं होतं. तिने रमिलाबाईंची तक्रार सांगितली. खोकं, पट्ट्या, बाळाचं रडणं. तो ऐकत होता.

"आकडा काय होता?" त्याने विचारलं.

"एकवीस."

त्याच्या ओठांची नकळत हालचाल झाली. एकवीस गुणिले अठरा. तीनशे अठ्ठ्याहत्तर. पंपाने मिलिग्रॅम धरलं असतं तर दुसऱ्या नळीतून साखर चढवायचं औषध सोडलं असतं. निरंजनने तिच्यासमोरची खुर्ची ओढली आणि बसला. खाली लेथचा एकसुरी आवाज चालू होता.

"त्या खिलाऱ्यांच्या घरी मी गेलो होतो," तो म्हणाला. "तू जाऊन आल्यावर. तुला सांगितलं नाही."

"कसे आहेत?"

"चालतात-फिरतात. बायको विचारत होती, ती बाई परत आली नाही म्हणून."

पुढच्या आठवड्यात दोघांनी जायचं ठरवलं. मग निरंजनने तिच्याच संगणकावर पॅकेज उघडलं आणि बदलांची नोंद वाचली. प्रत्येक पॅकेजसोबत अशी नोंद जाते. दवाखान्यातला एखादा तंत्रज्ञ ती वाचतो, बाकी कुणी वाचत नाही. हेमांगीने लिहिलं होतं:

मापटं १.९.२. नर्स रमिला पाडवी यांच्या सूचनेवरून. प्रश्न तोच ठेवला आहे. आवाज कमी केला आहे.

निरंजनने ती पुन्हा एकदा वाचली, एकही अक्षर न बदलता खाली सही केली, आणि आपला डबा आणायला गेला.